संकटाचा कागद संकटाआधी लिहावा



मध्यंतरी अकोल्यास जठारपेठेत आपल्या काही ऊस उत्पादक सभासदांची बैठक झाली. विषय लागणीचा आणि खोडव्याचा होता, पण बोलता बोलता गोष्ट निघाली ती आगीची. आम्ही सहज विचारले, "उद्या भर दुपारी तुमच्या उभ्या उसाने पेट घेतला, तर पहिला फोन कोणाला कराल?" एक म्हणाले, पोलीस पाटलांना. दुसरे म्हणाले, लाइनमनला. तिसरे म्हणाले, चिटबॉयला. चौथे म्हणाले, तालुक्याच्या बंबाला. पण नंबर त्यांच्यापाशी नव्हता. पाचवे एक वयस्क सभासद होते. ते म्हणाले, "फोन कायचा करता बाप्पा, पयले त धावत सुटा लागते!"

सगळे हसले. हसणे ओसरल्यावर मात्र बैठकीत थोडी शांतता पसरली. कारण पाचही जण खरेच बोलत होते. पाच जाणत्या शेतकऱ्यांची पाच उत्तरे, आणि आग तर कोणासाठी थांबत नाही. वाळलेल्या पाचटाचा ऊस वाऱ्यावर पेटला की तास-दीड तासात एकराचे एकर खलास होतात. तो तास "आता काय करावं?" या प्रश्नात गेला, तर पुढे बंब येऊन उपयोग नाही आणि पंचनामा होऊनही ऊस परत येत नाही.

म्हणून या अंकात आपत्कालीन नियोजनाविषयी चार शब्द लिहीत आहोत. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढाच तिचा अर्थ. संकट आल्यावर कोणी काय करायचे, कोठून काय आणायचे, कोणाला कळवायचे, हे संकट नसताना डोके थंड असते तेव्हा ठरवून ठेवायचे आणि ते कागदावर लिहून ठेवायचे.

हा विचार आपल्याकडे जुनाच

काही मंडळींना वाटते की हे साहेबी खूळ आहे. तसे नाही. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर त्या वेळच्या सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा निघाला. त्यावरून निरनिराळ्या प्रांतांनी आपापले नियम केले. त्यातील मुख्य कल्पना अशी की, दुष्काळ पडल्यावर कामे शोधत बसायचे नाही; कोणत्या भागात कोणती कामे काढता येतील त्याची यादी आधीच तयार ठेवायची. धान्याचे भाव चढू लागले, माणसे गाव सोडून हिंडू लागली, की ती खूण समजून हालचाल सुरू करायची. आधी थोडी कामे काढून बघायची. लोक मोठ्या संख्येने आले तर संकट खरे आहे असे मानायचे.

नियम कागदावर होते म्हणून सर्वांचे प्राण वाचले असे मात्र झाले नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, त्यात आपल्या वऱ्हाडातही माणसे आणि जनावरे फार मेली. कागद असणे आणि कागद वेळेवर अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील धडा.

त्याच्या उलट १९७२-७३ बघा. महाराष्ट्रात पाऊस सलग दगा देत गेला, वावरे करपली. तरी त्या वेळी मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. हाल झाले, पण भूकबळींचे जुने चित्र बहुतांशी टळले. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. संकटातून शिकलेली गोष्ट कायमची लिहून ठेवली, असे याबाबत म्हणता येईल.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेथे असा हाहाकार होईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यानंतर राज्यात जिल्हावार आपत्ती योजना आणि नियंत्रण कक्ष यांचे काम मार्गी लागले. पुढे २००५ साली देशभरासाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, आणि जिल्ह्याची योजना दरवर्षी तपासून सुधारायची असते.

शेतीची वेगळी योजनाही आहे

पुष्कळ सभासदांना माहीत नसते की शेतीसाठीही जिल्हावार आकस्मिक योजना केलेल्या आहेत. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कृषी विद्यापीठांच्या मदतीने देशातील ६०० हून अधिक जिल्ह्यांसाठी त्या तयार केल्या. आपल्या भागाचे विद्यापीठ म्हणजे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. ते १९६९ साली स्थापन झाले, आणि कोरडवाहू शेतीवर तेथे वर्षानुवर्षे काम चालू आहे.

या योजनेची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार लांबला तर काय, सहा आणि आठ लांबला तर काय, असे एकेक टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्प्याला नेहमीचे कोणते पीक सोडायचे, त्याऐवजी कोणते घ्यायचे, बियाणे कोठून मिळवायचे, हे लिहिलेले असते. मूग-उडदासारखे पीक फार लांबलेल्या पेरणीत बसत नाही, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. योजनेत तेच हिशेबाने मांडलेले असते. मधल्या खंडासाठी वेगळे पान, अतिवृष्टीसाठी वेगळे, गारपिटीसाठी वेगळे, आणि जनावरांच्या चारा-पाण्यासाठी व रोगराईसाठी वेगळे.

येथे "जर" आणि "तर" ही जोडी महत्त्वाची आहे. "पाऊस बघू, मग ठरवू" हा आपला स्वभाव. योजना म्हणते, "अमुक तारखेपर्यंत आला नाही, तर हे करायचे." तारीख ठरलेली असली की मन डगमगत नाही, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून मिळेल ते बियाणे आणण्याची पाळी येत नाही.

परंतु ही योजना जिल्ह्याची. तुमच्या धुऱ्यापाशी पाण्याची टाकी आहे की नाही, पांदणीतून बंब जाईल की नाही, तुमच्या उसावरून गेलेली तार किती खाली लोंबते, हे जिल्ह्याच्या कागदाला कळणार कसे? शेवटचे पान आपल्यालाच लिहावे लागते. या लेखाचा सगळा भर त्या शेवटच्या पानावर आहे.

उसाची आग: पहिला तास

आपल्या भागात ऊस म्हणजे कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध उभे असलेले बेट. चहूकडे रान वाळलेले असते. फेब्रुवारी-मार्चात तोड लांबलेला ऊस खाली पाचटाने भरलेला असतो. त्यातच कोणी धुरा पेटवतो, कोणी गव्हाचे काड जाळतो, कोठे डीपीवर ठिणगी उडते, कोठे वाऱ्याने तारा एकमेकींना घासतात. आग लागण्याची कारणे बहुधा हीच.

आता करायचे काय? आधी माणसे. तोडणी कामगारांच्या कोप्या उसाला लागून, वाऱ्याच्या दिशेला किंवा तारांखाली घालू देऊ नका. आग लागली की लेकरे आणि बाया आधी मोकळ्या वावरात काढा. बैल दावणीला बांधलेले राहू देऊ नका.

दुसरे, वीज. तार तुटून पडली असेल किंवा आग तारांखाली असेल, तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा फवारा मारू नका. महावितरणचा क्रमांक १९१२ आहे. गावच्या लाइनमनचा नंबर वेगळा लिहून ठेवा. अग्निशमनासाठी १०१, पोलिसांसाठी किंवा कोणत्याही तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७.

तिसरे, आग तोडणे. पेटलेल्या सरीत शिरून आग विझत नाही. वाऱ्याच्या पुढच्या बाजूला, आगीपासून पुरेसे अंतर ठेवून काही सऱ्या आडव्या कराव्यात, पाचट ओढून बाजूला टाकावे. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर जवळ असेल तर पट्टा लवकर निघतो. फवारणीचे ट्रॅक्टर-ब्लोअर पाण्याने भरून पट्ट्याच्या कडेला उभे करता येतात. पण ट्रॅक्टर कोणाचा, चालवणार कोण, पाणी कोणाच्या विहिरीवरून, हे त्या वेळी विचारत बसलात तर पट्टा निघण्याआधी आग पुढे गेलेली असते.

चौथे, वाट. आम्हाला माहीत असलेल्या एका गावी बंब वेळेत आला होता. पण पांदणीत भरलेली ट्रॉली उभी, आणि पुढे दोन्ही बाजूंनी धुरे पुढे सरकलेले. बंब तोंडाशीच थांबला. ऊस डोळ्यांदेखत गेला. कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही, अशा पांदणी आपल्या प्रत्येक गावात आहेत. धुरा हातभर पुढे सरकवताना जमीन वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात आपण शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्याही बंबाची वाट अडवलेली असते.

आग विझल्यानंतर

आग विझली म्हणजे काम संपले असे नाही. जळालेला ऊस दिवसागणिक वजनाने आणि साखरेने उतरतो, रस आंबू लागतो. म्हणून गट कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे तोडणी कार्यक्रमात बदल करून तो ऊस लवकर गव्हाणीपर्यंत आणता येईल. येथे एक चूक नेहमी होते. घाबरून सगळा जळका ऊस एकदम तोडून टाकतात, आणि वाहन मिळेपर्यंत तो वावरात पडून राहतो. जळालेला उभा ऊस, तोडून पडलेल्या जळक्या उसापेक्षा थोडा बरा टिकतो. तेव्हा जेवढे वाहन मिळेल तेवढाच तोडा.

आग विजेमुळे लागली असा संशय असेल तर भरपाईच्या दृष्टीने कागद महत्त्वाचे. तलाठ्यांचा पंचनामा, पोलिसांकडे नोंद आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल, या तीन गोष्टी हव्यात. जागेचे आणि तारांचे फोटो लगेच काढून ठेवा. तुटलेली तार उचलून नेल्यावर पुरावा उरत नाही. ज्या तारा लोंबतात त्यांच्याबद्दल आधीच लेखी अर्ज देऊन पोच घेतली असेल, तर तीही कामी येते.

पाणी: जास्त झाले तर आणि कमी पडले तर

२०२१ च्या जुलैमध्ये अकोल्यात मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले, ते आपण पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. त्या भागाच्या अनुभवातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उसाचा शेंडा पाण्याच्या वर राहिला तर पीक सावरण्याची आशा असते. शेंड्यात गढूळ पाणी आणि गाळ जाऊन वाढकोंब कुजला तर तो ऊस पुढे वाढत नाही. तो लवकर तोडीला लावावा लागतो. आपली जमीन भारी काळी, पाणी धरून ठेवणारी. म्हणून चर आणि नाल्याची तोंडे मे महिन्यातच साफ हवीत. पाऊस सुरू झाल्यावर गाळात फावडे घेऊन उतरणे म्हणजे उशिराचे शहाणपण.

पाण्याची टंचाई हे उलट टोक. धरणातला साठा दिवाळीलाच कळतो. उन्हाळ्यात काय होणार ते तेव्हाच ओळखावे. किती एकराला शेवटपर्यंत पाणी पुरेल याचा हिशेब करा आणि तेवढाच खोडवा ठेवा. पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा. एक आड एक सरी पाणी द्या. पाण्याचा ताण पडल्यावर २ टक्के पोटॅश आणि २ टक्के युरियाची फवारणी उपयोगी पडते. ठिबक असेल तर उत्तमच.

बैल आणि माणूस

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात जनावरांचा लंपी चर्मरोग दिसला आणि पाहता पाहता तो आपल्या अकोल्यापर्यंत पसरला. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. पुढे राज्यभर लसीकरण झाले. ज्यांची बैलजोडी बसली त्यांची ऊस वाहतूक बसली, आणि ज्यांनी लस लवकर टोचून घेतली ते निभावले. हा रोग डास, माश्या आणि गोचिडांमुळे पसरतो. माणसाला होत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्या तोडणी टोळ्यांच्या बैलांना लस दिलेली आहे की नाही, हे टोळी उतरण्याआधी विचारा. आजारी जनावर वेगळे बांधा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

माणसाविषयी सांगायचे तर २०१७ ची यवतमाळची आठवण पुरे. कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. भर उन्हात, वाऱ्याच्या उलट दिशेने, तोंडाला काही न बांधता फवारणी करू नये, हे सगळे सांगतात. आम्ही एवढेच जोडतो की औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल फेकू नका. मळमळ, चक्कर, डोळ्यांना अंधारी आली तर फवारणी थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा, आणि तो डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जा. कोणते विष गेले आहे हे डॉक्टरांना कळले तर इलाज लवकर सुरू होतो.

आपला एक कागद

आता मुख्य काम. प्रत्येक सभासदाने वहीच्या एका पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. फोन नंबर: वर दिलेले सरकारी क्रमांक, तसेच लाइनमन, पोलीस पाटील, तलाठी, कृषी सहायक, चिटबॉय आणि गट कार्यालय यांचे.

२. पाणी: वावराजवळ भर उन्हाळ्यात पाणी असलेली विहीर किंवा शेततळे कोणाचे, आणि वीज गेली तर चालणारा डिझेल पंप कोणाकडे.

३. अवजारे: रोटाव्हेटर, ब्लोअर, पाण्याचा टँकर गावात कोणाकडे आहेत, मालक नसला तर चावी कोणाकडे.

४. वाट: बंब कोणत्या पांदणीने येईल, आणि ती अडली तर दुसरी कोणती.

५. माणसे: आग लागल्यावर फोन करणारा एक, पट्टा काढणारे पाच, वाटेवर उभे राहून बंबाला रस्ता दाखवणारा एक. नावे घालूनच लिहा. "सगळ्यांनी मिळून" असे लिहिले तर कोणीच करत नाही.

६. कागद: सातबारा, ऊस नोंदीची पावती, वीजबिल, बँकेचे पासबुक आणि जनावरांच्या लसीची नोंद. यांच्या प्रती पिशवीत एका ठिकाणी. ज्या पिकांचा विमा उतरवला असेल त्यांचे नुकसान झाल्यास कोणाला आणि किती मुदतीत कळवायचे, हेही येथेच लिहून ठेवा. उसाला विम्याचे संरक्षण आहे असे गृहीत धरू नका. आपल्या भागात कोणती पिके अधिसूचित आहेत ते हंगामाआधी कृषी कार्यालयात विचारून घ्या.

७. वीज कोसळणे: ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबायचे नाही, लोखंडी अवजार खाली ठेवायचे. मोबाइलवर दामिनी हे ॲप घ्यावे, ते विजेची सूचना देते.

हा कागद कपाटात ठेवू नका. विहिरीच्या कोठीत भिंतीला चिकटवा, एक प्रत घरात लावा, आणि घरातल्या बायामाणसांना व सालदाराला वाचून दाखवा. आग लागते तेव्हा मालक नेमका बाजाराला गेलेला असतो.

वर्षातून एकदा रंगीत तालीमही करावी. एका सकाळी गावातल्या चार-सहा जणांनी ठरवून नंबर फिरवावेत. कोणता लागतो, कोणता बदलला, टँकर पांदणीतून खरोखर जातो का, पंप सुरू होतो का, हे बघावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. जठारपेठेतल्या त्या पाचही सभासदांनी हे मान्य केले. ते वयस्क सभासद जाता जाता म्हणाले, "धावत तं सुटूच, पन आता कोनीकडं धावाचं ते तरी माहीत राहीन."

कारखान्याच्या बाजूनेही जबाबदारी आहेच. सभासदांनी आपले कागद गट कार्यालयात दिले, तर त्यावरून गटाची एकत्र यादी करता येईल: कोणत्या गावात टँकर आहे, कोणत्या पांदणी अडलेल्या आहेत, कोठे तारा लोंबतात. एकट्या सभासदाच्या अर्जापेक्षा शंभर सभासदांची यादी घेऊन महावितरणकडे किंवा तहसीलदारांकडे गेलो तर तिला वजन येते. सहकार याचसाठी आहे.

तरी सर्व सभासद बंधू-भगिनींनी येत्या बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी आपापला कागद लिहून त्याची एक प्रत गट कार्यालयात द्यावी, ही नम्र विनंती. बॉयलरमधला अग्नी आपण पूजा करून पेटवतो, कारण तो ताब्यात असतो. वावरातला ताब्यात राहावा, यासाठी हा एक कागद.